कडीचा पेपर

निबंधात पुराव्याशिवाय एकही विधान करायचं नाही, हे मी इंदूबाईंकडून शिकले. म्हणून इथेही पुरावे आधी देते. मग ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने खुशाल पान उलटावं.

वार रविवार. तारीख ४ मार्च १९७९. जागा नागपूर, नंदनवनच्या अगदी टोकाचं घर. तिथून पुढे नुसते रिकामे प्लॉट आणि बाभळी.

वेळ... भर दुपार.

हो, दुपार! मासिकाच्या या पानावर छापून येणाऱ्या बहुतेक हकिकती अमावास्येच्या असतात, म्हणून मुद्दाम सांगते. बाहेर लख्ख ऊन होतं. दूर कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता. मी पूर्ण जागी होते, आणि पोटभर जेवून आले होते.

साक्षीदार एक. भांडीवाली प्रयागबाई. ती ठणठणीत आहे. फक्त त्या घराकडे ती आता फिरकत नाही.

मी शामला. तेव्हा बारावीत होते. आम्ही वाडीला राहतो, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे दोन खोल्यांत. बाबा त्याच गोदामात कारकून आहेत. दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकत मी इंग्रजी साहित्य हा विषय घेतला, यावर आमच्या चाळीत महिनाभर हसणं चाललं होतं.

"पोट्टी मेमसाब होऊन राहिली," असं शेजारच्या काकू म्हणायच्या.

हसू दे. दहावीपर्यंत मला इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. बारावीच्या दिवाळीपर्यंत मी वर्गात उभी राहून सरांशी वाद घालत होते. चुकीचं बोलायचे, पण मोठ्याने बोलायचे!

बाबांनी मात्र एक अट घातली होती. उमरेडचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं किराणा दुकान. बाबा म्हणाले, "हे पाह्य शामला, इंग्रजीत फर्स्ट क्लास आणला तर कॉलेज. नाही आणला तर उमरेड. मंग रडायचं नाही."

"मंजूर," मी म्हणाले.

मंजूर म्हणून तर बसले, पण सहामाहीत मला शंभरपैकी अठ्ठेचाळीस मिळाले होते. निबंधात मार खाल्ला होता. तेव्हा मैत्रिणीने इंदूबाईंचं नाव सांगितलं.

बाई इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाल्या, "तू गोष्ट फार छान सांगतेस गं. पण परीक्षकाने ती वाचलेली असते. त्याला तुझं मत पाहिजे. पहिल्या वाक्यात मत, मग पुस्तकातला पुरावा, मग समोरचा काय म्हणेल त्याला उत्तर. नुसत्या गोष्टीला सोळाच्या जागी सहा मिळतात."

बाईंची एक पद्धत जुन्या मुलींमध्ये गाजलेली होती. कडीचा पेपर.

मागची खोली होती. त्यात मुलीला बसवायचं, वीस गुणांचा एक प्रश्न द्यायचा, आणि बाहेरून कडी लावायची. बाई दाराबाहेर वेताच्या खुर्चीवर बसायच्या. बोलायचं नाही. पाणी मागायचं नाही. निबंध झाला की दाराखालून बाहेर सारायचा. बाई तिथेच तपासून, लाल शाईत गुण घालून परत आत सारायच्या. बाराच्या खाली मिळाले की पुन्हा लिहायचा.

बारा मिळाले की दार उघडणार.

त्या खोलीतून निघालेल्या मुलींना म्हणे कधी सेकंड क्लास मिळाला नाही. हे ऐकल्यापासून मी बाईंच्या मागेच लागले.

"बाई, मला पण कडी लावा ना!"

"नाही."

"एकदाच."

"शामला, ती खोली बंद आहे. मी ते सोडून दिलं." आणि त्या एकदम दुसरंच बोलू लागायच्या.

खोली बंद होती हे खरं. पण कुलूप नव्हतं. नुसती बाहेरून कडी. हे मी बघून ठेवलं होतं.

आता त्या रविवारचं सांगते.

मी पावणेअकराला पोचले तर बाई पदर खोचून बाहेर पडत होत्या. त्यांच्या बहिणीला, मनकर्णाबाईंना, हुडकेश्वरला चक्कर येऊन पडल्याचा निरोप आला होता. शेजारचे ओमप्रकाशजी स्कूटर काढून उभे होते.

"टेबलावर प्रश्न ठेवलाय," बाई म्हणाल्या. "समोरच्या खोलीतच बस. अकरा ते दोन. समोरचं दार आतून लावून घे. मी आल्याशिवाय कुणाला उघडू नकोस."

स्कूटर गेली. मी समोरच्या दाराची कडी आतून लावली. नीट लावली. हे लक्षात ठेवा.

मग मी प्रश्न उचलला, पॅड उचललं, आणि सरळ मागच्या खोलीची कडी काढून आत जाऊन बसले!

एवढी चांगली संधी कोण सोडणार?

खोलीत एक टेबल, एक खुर्ची, गजांची एक खिडकी. धूळ होती, ती मी ओढणीने पुसली. दार नुसतं लोटून घेतलं आणि लिहायला बसले.

आमच्या अभ्यासाला एक इंग्रजी कादंबरी होती. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह, तिथला रखवालदार आणि त्याची मुलगी. शेवटी न्यायला बोट येते, पण मुलगी जात नाही. प्रश्न असा होता: 'ती मुलगी तिथे अडकली होती, की तिने स्वतःहून राहायचं ठरवलं? चर्चा करा.'

सोपा! मी धडाधड लिहीत सुटले.

बाराच्या सुमारास बाहेर...

खुर्ची करकरली.

वेताची. दाराबाहेरची. मग पेन झटकल्याचा आवाज आला. शाई उतरावी म्हणून दोनदा झटकतात तसा.

बाई आल्या, मला वाटलं. आता ओरडा बसणार. पण कोणी ओरडलं नाही. उलट...

दाराला बाहेरून कडी लागली.

खोटं कशाला सांगू, मी खूश झाले! बाई मानल्या! मी लगेच शेवटचं वाक्य लिहिलं आणि निबंध दाराखालून सारला. अर्ध्यावर गेला तोच पलीकडून कुणीतरी तो हळूच ओढून घेतला.

निबाची कुरकुर ऐकू आली. बराच वेळ. मग कागद परत आत आला.

वीसपैकी अकरा.

खाली लाल शाईत इंग्रजीत एक ओळ. मराठीत सांगायचं तर, 'गोष्ट मला माहीत आहे.'

बाईंचाच टोमणा! मला हसू आलं. बरोबर होतं त्यांचं, लिहिण्याच्या भरात मी पुन्हा गोष्टच सांगत बसले होते. दुसरा कागद घेतला. या वेळी पहिल्याच वाक्यात मत. 'कर्तव्य मोठं म्हणून ती स्वतःहून राहिली.' गाईडमध्ये हेच होतं. मला पाठ होतं. पुरावे दोन, उलट बाजूला उत्तर एक, समारोप. एकदम चोख.

सारला. ओढला गेला. कुरकुर. परत आला.

अकरा.

'हे मत कोणाचं आहे?'

मला राग आला. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ते गुण बघत बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

अक्षर बाईंचं नव्हतं.

बाईंचं अक्षर उजवीकडे कललेलं, टोकदार. हे गोल होतं. नीट, सरळ. शाळेतल्या मुलीचं असतं तसं.

मी नियम मोडला. "बाई?"

काही नाही.

"बाई, पाणी पाहिजे होतं."

रेडिओ केव्हा बंद झाला, मला कळलंच नव्हतं. आता कसलाच आवाज नव्हता. खुर्चीसुद्धा गप्प.

मी जमिनीवर पालथी झाले आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला. पलीकडची फरशी दिसली. खुर्चीचे चारही पाय दिसले.

माणसाचे पाय...

नव्हते.

आणि मी बघत असतानाच खुर्ची करकरली. कुणी बसल्या जागी अंग हलवावं तशी.

मी उठले ती थेट खिडकीशी. गज हलवले. घट्ट. मागे नुसतं ऊन, बाभळी आणि चिटपाखरू नाही. मग दाराकडे आले आणि ठोकलं. तीन वेळा.

उत्तर आलं. तीन वेळा.

मी पाच वेळा ठोकलं.

पाच.

पलीकडचं ठोकणं माझ्यासारखं जोराचं नव्हतं. दमलेलं होतं. आणि ते दाराच्या वरच्या बाजूने येत नव्हतं. खालून येत होतं, जमिनीजवळून. कुणी खाली पडून ठोकावं तसं.

मी मागे सरकले. फटीतून एक चिठ्ठी आत आली. तेच गोल अक्षर.

'ठोकून दार उघडत नाही. लिही.'

ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच निघेना. मी, जी वर्गात सरांना गप्प करायचे!

तेवढ्यात खिडकीतून हाक आली. "कोन हाय वं आत?"

प्रयागबाई! दोन वाजता ती भांड्यांना येते. जिवात जीव आला.

"प्रयागबाई, मी शामला! दार उघडा ना, मला भीती वाटते आहे."

"मी कवाची समोरचं दार वाजवून राहिली. आतून बंद हाय ना थे."

"मग बाईंना सांगा उघडायला! बाई बाहेरच बसल्या आहेत, खुर्चीवर."

प्रयागबाई माझ्याकडे बघतच राहिली. "काय बोलतं वं पोरी? बाई कुठं? आत्ता ओमप्रकाशजीची बायको म्हने, दोघंबी हुडकेश्वरलेच हायेत. बहिनीले दवाखान्यात नेलं."

"मग... बाहेर कोण आहे?"

तिने गजांतून खोलीत नजर टाकली. टेबल पाहिलं. भिंत पाहिली. ही खोली कुठली ते तेव्हा तिला उमगलं असावं. तिच्या हातातली राखेची वाटी खाली पडली.

"ह्या खोलीत तुले कोनं बसवलं?"

"मीच बसले."

"काहून बसली वं माय!" ती दोन पावलं मागे झाली. "मी बाईले बोलावनं धाडतो. तू बस. थे म्हनंल तसं कर."

"ते म्हणजे कोण? प्रयागबाई!"

ती पळत सुटली. तिचं वय साठ. मी तिला कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा एकटी.

नाही. एकटी असते तर बरं झालं असतं.

समोरचं दार आतून मी स्वतः लावलेलं. दुसरं दार नाही. म्हणजे घरात कुणीही आलेलं नव्हतं. जे कुणी खुर्चीवर होतं ते मी आले तेव्हापासून इथेच होतं.

खिडकीचं ऊन सरकत सरकत टेबलावरून भिंतीवर गेलं. पलीकडे खुर्ची मधूनच करकरायची. वाट बघत.

शेवटी मी पेन उचललं. दुसरं काय करणार?

आता गाईडमधलं एकही वाक्य आठवत नव्हतं. म्हणून जे खरं वाटत होतं तेच लिहिलं. ती मुलगी अडकली होती. राहायचं तिने ठरवलं असं आपण म्हणतो, कारण तसं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. पण पूर्ण पुस्तकात तिला 'तुला काय पाहिजे' असं एकदाही कुणी विचारत नाही. मी पान उलटून पाहिलं नाही, तरी मला खात्री होती. एकदाही नाही! बोट येते तेव्हासुद्धा बाप आणि नावाडीच बोलतात. ज्याला विचारलंच नाही त्याने ठरवलं कसं? हे लिहिताना मला उमरेडचं दुकान दिसत होतं. अक्षर वेडंवाकडं आलं. समारोप दोनच ओळींचा झाला.

सारला.

या वेळी कागद ओढला गेला नाही. मी सोडला तिथेच थोडा वेळ पडून होता. मग हळूच दिसेनासा झाला. निबाची कुरकुर नाही. खूप वेळ काहीच नाही.

मग परत आला.

बारा.

टोमणा नाही. नुसते बारा, खाली रेघ.

मी पास झाले होते! मी दाराला टेकून उभी राहिले. आता कडी निघणार. नियमच होता तो.

कडी निघाली नाही.

फटीतून आणखी एक कागद आत येऊ लागला...

माझा नव्हता तो. कडा पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर विरलेला. चार पानं, दोऱ्याने बांधलेली. त्यावर गोल अक्षरात तोच प्रश्न, आणि वर नाव.

चारुलता.

त्यामागून एक लाल पेन गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

मला काय करायचं आहे ते कळलं. माझा निबंध तिने तपासला होता. आता तिचा मी तपासायचा होता. गुणांची जागा रिकामी होती.

मी वाचायला लागले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दुसऱ्या पानावर मी घाबरायची विसरले. इतका तो चांगला होता! पहिलं वाक्य अजून पाठ आहे मला. 'दार लावणारा माणूस दुष्ट नव्हता. म्हणूनच ते दार कधी उघडलं नाही.' तिचं म्हणणं असं की रखवालदाराचं मुलीवर प्रेमच होतं. जे करतो ते तिच्या भल्याचं, याची त्याला इतकी खात्री होती की तिचं रडणंही त्याला हट्ट वाटायचं. एकेका शब्दाचा पुरावा दिला होता. समोरचा काय म्हणेल ते आधीच मांडून खोडून काढलं होतं. मी ती कादंबरी पाच वेळा वाचली होती, आणि यातलं मला काहीच दिसलं नव्हतं.

शेवटच्या पानावर अक्षर बदलत गेलं होतं. ओळी खाली घसरल्या होत्या. तरी तिने समारोप पूर्ण केला होता.

मी लाल पेन हातात घेतलं. टोपण ओलं होतं. गारसुद्धा.

मनात आलं, कमी द्यावेत. कोण जाणे बारा दिले की काय होईल. दार उघडलं तर ते दोघींसाठी उघडणार होतं. मग वाटलं, वीसपैकी वीस देऊन टाकावेत, म्हणजे ती खूश होईल आणि मला सोडेल.

पण खोटं नाही देता आलं मला. शप्पथ. निबंध सोळाचा होता. दोन जागी तेच तेच आलं होतं, एक पुरावा लांबला होता. मी सोळा लिहिले. खाली लिहिलं, 'मला तुझ्यासारखं लिहिता आलं पाहिजे.'

आणि सारला.

पलीकडे सगळं थांबलं. मग एक आवाज आला. आतापर्यंत तिचा श्वास मला ऐकूच आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. कारण आता तो आला. खोल, लांब, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा एकच श्वास.

मग कडी...

निघाली.

दार इंचभर आत आलं. मी उघडलं नाही. ते आपोआप उघडत गेलं. बाहेर रिकामी खुर्ची. तिच्यावर काहीही नव्हतं. चार पानांचा तो निबंधही नव्हता.

समोरच्या खोलीत आले तर समोरच्या दाराची कडीही काढलेली. दोन्ही फळ्या सताड उघड्या. ऊन थेट आतपर्यंत आलेलं.

मी पायरीवर जाऊन बसले. तिथेच साडेचारला बाई आल्या. त्यांच्यामागे प्रयागबाई, फाटकाच्या आत न येता उभी. बाईंनी मला पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून आत पाहिलं. मागच्या खोलीचं दार तिथून सरळ दिसतं.

त्या मला ओरडल्या नाहीत. पाणीही विचारलं नाही. पहिलाच प्रश्न विचारला तो हा:

"किती दिले तू तिले?"

बाई माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलायच्या. असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सोळा," मी म्हणाले.

बाई पायरीवर बसल्या.

"नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दर मार्चमध्ये त्या दाराखालून कागद येते. मी अकरा देते आन परत सारते. अकराच्या वर कधी गेली नाही मी."

"पण बाई, तो तर सोळाचा आहे."

"मले सांगते? मले माहीत नाही का! तवाबी सोळाचाच होता. पन मी म्हटलं, ह्या पोरीले अठरा भेटू शकते, अजून एकडाव लिहू दे. अकरा दिले." त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "दम्याची पोर. दार ठोकत होती. मले वाटलं, बहाना करून राहिली. मी इथंच खुर्चीवर बसून होती, शामला. इथंच."

मग मूर्खासारखं मी विचारलं, "मग नंतर तरी बारा का नाही दिले?"

"बारा दिले का दार उघडा लागते."

फाटकाशी प्रयागबाई पदराने तोंड पुसत होती.

"आता उघडलं," बाई म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "तू पाहिलं काय तिले? कुठं गेली?"

मी नाही म्हणाले. खरंच पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाई बहिणीकडे राहायला गेल्या. घराला कुलूप लागलं.

मला साहित्यात सदुसष्ट मिळाले. बाबांनी उमरेडला नकार कळवला आणि गोदामात पेढे वाटले. शेजारच्या काकू आता मला मुलाच्या अर्जाचं इंग्रजी तपासायला देतात. मी आता बी.ए.ला आहे. सगळं चांगलं झालं. हकिकत इथे संपायला हवी होती.

पण २२ मार्चला, साहित्याच्या बोर्डाच्या पेपराला, आमच्या हॉलमध्ये आम्ही चोवीस जणी होतो.

पेपर संपला. आमच्यावर देवाजी सर होते, म्हातारे, हिशेबाचे पक्के. त्यांनी उत्तरपत्रिका गोळा केल्या, मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग कपाळाला आठ्या घालून तिसऱ्यांदा.

"पंचवीस काहून होऊन राहिल्या?" ते म्हणाले.

गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका त्यांनी वेगळी काढली. तिच्यावर नंबर नव्हता. नाव नव्हतं. पण लिहिलेली होती, पानंच्या पानं.

"ही कोनाची? बोला लवकर, पोरींनो. नंबर टाकाले विसरलं कोनी?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मी पहिल्या बाकावर होते. पानं उलटत होती ती मला दिसत होती.

गोल अक्षर. नीट, सरळ.

देवाजी सर थोडा वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "लिहिलं तर लय चांगलं हाय," आणि त्यांनी ती गठ्ठ्यात परत ठेवली. वर सुतळी बांधली. लाख लावली. आमच्यासमोर सील केलं.

म्हणजे ती उत्तरपत्रिका कुठेतरी गेली. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी परीक्षकाच्या घरी, लाल पेनाजवळ. दाराशी खुर्ची टाकून दुपारी तपासत बसणाऱ्या कुणाकडे तरी.

त्यांचा पत्ता मला माहीत नाही. बोर्ड तो सांगत नाही.

त्यांनी तिला किती दिले असतील?

बाराच्या खाली तर नसतील ना दिले?